बालकांचा क्षोभ आणि निवळणारी बाटली

वसई-विरार पट्ट्यातील संध्याकाळची एक घटका अशी असते की, घरातील सर्वांत लहान माणसाची आणि त्याला वाढविणाऱ्या थोरांची सहनशक्ती एकाच वेळी संपुष्टात आलेली असते. विरार आणि मुंबई यांच्यामध्ये उपनगरी गाडी प्रथम १८६७ साली धावली. पुढे वस्ती वाढत वाढत २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका व भोवतालची अनेक गावे मिळून एक महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेली. या लोकसंख्येतील कमावत्या माणसांचा फार मोठा भाग रोज सकाळी गर्दीच्या लोकलने मुंबईकडे जातो आणि दिवेलागणीनंतर घरी परततो. दारात आईची चाहूल लागते, दिवसभर आजीपाशी किंवा पाळणाघरात शहाण्यासारखे वागलेले तीन-चार वर्षांचे मूल आनंदाने धावत येते, आणि पाचच मिनिटांत, पिशवी मीच उघडणार होतो, दिव्याचे बटण मीच दाबणार होतो, अशा एखाद्या क्षुल्लक सबबीवरून जमिनीवर अंग टाकून आक्रोश करू लागते. आजी म्हणते, ‘‘दिवसभर माझ्यापाशी कसा गुणी होता, तू आलीस आणि हे सुरू झालं.’’ थकलेल्या आईला हे शब्द फार लागतात. परंतु वस्तुस्थिती तिच्या विरुद्ध नसून तिच्या बाजूची आहे. ज्या माणसापाशी मुलाला सर्वांत अधिक सुरक्षित वाटते, त्याच माणसापाशी ते दिवसभर आवरून धरलेला ताण मोकळा करते.

अशा प्रसंगी उपयोगी पडणारे एक साधन घरच्या घरी, मुलाच्याच हातांनी करता येते. स्वच्छ पारदर्शक बाटली, थोडे पाणी, थोडे ग्लिसरीन, चमचाभर बारीक वाळू किंवा चिमूटभर चमकी, एवढीच त्याची सामग्री आहे. अनेक देशांतील बालशाळांत आज ते प्रचारात आहे. बाटली हलविली की आतील द्रव्य ढवळते, खाली ठेवली की ते सावकाश तळाशी बसते, आणि मूल ते बसेपर्यंत पाहत राहते. साधन इतके साधे आहे की त्याला खेळणे म्हणून सोडून द्यावेसे वाटेल. तथापि ते कसे कार्य करते, ते कोणी करावे आणि कोणत्या रीतीने वापरावे, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले म्हणजे बालमनाविषयीच्या काही महत्त्वाच्या गोष्टी हाती येतात.

प्रथम क्षोभाचे स्वरूप पाहू. एक ते चार वर्षांच्या वयात हट्ट, आक्रोश, हातपाय आपटणे या गोष्टी बहुतेक सर्व निरोगी मुलांत दिसतात. त्यांचे मूळ दुर्गुणात नसून वाढीच्या क्रमात आहे. भय, संताप यांची वर्दी देणारी मेंदूतील केंद्रे जन्मापासून कार्यक्षम असतात. उलट त्या वर्दीचा विचार करून ‘थांब, एवढे काही झाले नाही’ असा निवाडा देणारा कपाळामागचा मेंदूचा भाग अत्यंत सावकाश परिपक्व होतो, आणि त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणून चार वर्षांचे मूल संतापते तेव्हा त्याच्या शरीरात मोठ्या माणसाइतकीच प्रबळ खळबळ उडते, ॲड्रेनलिनसारखी संप्रेरके रक्तात उतरतात, हृदयाची धडधड वाढते, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठरतात. पण या सर्वांना लगाम घालणारी यंत्रणा मात्र अद्याप बाल्यावस्थेत असते. त्या क्षणी केलेला उपदेश व्यर्थ जातो, कारण उपदेश ग्रहण करावयाची जी शक्ती, तीच तूर्त कामावर नसते. वसईच्या वाड्यांतील बावखल, म्हणजे लहान तळे, पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पावसाने किंवा गुरांच्या पायांनी त्याचे पाणी गढुळले, तर ते हाताने साफ करू जाणारा माणूस आणखी गाळ वर आणतो. पाण्याला स्वस्थता मिळाली म्हणजे ते आपले आपण निवळते.

बाटली तयार करण्याचा विधी आता सविस्तर सांगतो, कारण त्यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. सुमारे पाव लिटरची, जाड प्लॅस्टिकची, सरळ बाजूंची आणि घट्ट झाकणाची बाटली घ्यावी. काचेची घेऊ नये. क्षुब्ध मुलाच्या हातून ती फेकली जाणार, हे गृहीत धरूनच चालावे. वाळू अर्नाळ्याच्या किंवा राजोडीच्या किनाऱ्यावर मुलासह फिरावयास जाऊन ओंजळभर आणावी. घरी आल्यावर ती गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवावी, म्हणजे खारटपणा आणि चिखलाचा अंश निघून जातो. हा चिखल राहिला तर बाटलीतील पाणी कायमचे गढूळ दिसते. मग ती उन्हात वाळवून आधी चहाच्या गाळणीतून आणि नंतर पातळ मलमलीच्या कापडातून चाळावी, आणि कापडातून खाली उतरलेली पिठासारखी बारीक वाळू चमचाभर घ्यावी. उकळून गार केलेले पाणी आणि मेडिकलच्या दुकानात मिळणारे ग्लिसरीन समभाग घेऊन बाटलीत नरसाळ्याने ओतावे, वाळू घालावी, हवा असल्यास खाण्याच्या रंगाचा एखादा थेंब टाकावा. बाटली काठोकाठ भरू नये. वर दोन बोटे जागा मोकळी सोडली म्हणजे हलविताना हवेच्या योगाने सर्व द्रव्य नीट ढवळते. शेवटी झाकण एम-सीलने किंवा तशाच एखाद्या पक्क्या लेपाने कायमचे बंद करावे, आणि हे शेवटचे काम मात्र मोठ्या माणसाने स्वतः करावे.

वाळू किती वेळात खाली बसेल, हे नशिबावर सोडण्याचे कारण नाही. द्रवातून खाली उतरणाऱ्या सूक्ष्म कणाची गती कशावर अवलंबून असते, याचा नियम जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गणिताने मांडला. द्रव जितका दाट, म्हणजे प्रवाहाला विरोध करणारा, तितका कण सावकाश उतरतो. आणि कणाचा व्यास निम्मा केला तर त्याची गती निम्मी न होता एकचतुर्थांश होते. हा हिशेब आपल्या बाटलीला लावून पाहावा. एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा एवढ्या जाडीची वाळू साध्या पाण्यात सेकंदाला सुमारे दोन सेंटिमीटर वेगाने खाली जाते, म्हणजे वीतभर उंचीच्या बाटलीत दहा सेकंदांत सर्व खेळ आटोपतो, आणि इतक्या अवधीत संतापलेल्या मुलाचे लक्षही तिकडे वळत नाही. पाण्यात निम्मे ग्लिसरीन मिसळले की तीच वाळू अर्ध्या-पाऊण मिनिटाचा वेळ घेते. आणि मलमलीतून गाळलेली, निम्म्या जाडीची वाळू वापरली तर हा अवधी दोन-तीन मिनिटांपर्यंत जातो. आपल्याला हवा तो अवधी हाच. उष्णतेने ग्लिसरीन पातळ होत असल्यामुळे मे महिन्यात बाटली थोडी जलद निवळते आणि पौषातल्या थंडीत थोडी सावकाश, ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आपण होऊन येते, आणि तिच्यातून त्यांचा पदार्थविज्ञानाशी पहिला परिचय घडतो. वाळूऐवजी चमकी वापरण्याचा प्रघात आहे. चमकीचे चपटे कण भिरभिरत उतरत असल्याने दिसण्यात ती अधिक मनोहर असते हे खरे, परंतु ती बहुधा प्लॅस्टिकची असते, आणि बाटली फुटली किंवा टाकून दिली तर अखेर ती गटारातून खाडीला मिळते. समुद्राच्या कुशीत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी वाळूच पत्करावी हे बरे.

या बाटलीकडे पाहत असता मुलाच्या ठिकाणी नेमके काय घडते? पहिली गोष्ट अशी की, शब्दांचा मारा थांबतो आणि दृष्टीला एक स्थिर विषय मिळतो. दुसरी गोष्ट, लहान मुलाला काळाची मोजणी कळत नाही. ‘दोन मिनिटे थांब’ हे वाक्य त्याच्या लेखी अर्थशून्य असते, पण ‘वाळू खाली बसेपर्यंत थांबू’ हे त्याला डोळ्यांनी दिसते. तिसरी आणि शरीरदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्वासाची. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि बाहेर सोडताना किंचित कमी होतात. मेंदूकडून हृदयाकडे जाणारा व्हेगस नावाचा दीर्घ मज्जातंतू या नियमनाचे काम करतो. लहान मुलांत हा चढउतार विशेष स्पष्ट असतो, आणि मूल मांडीवर स्वस्थ बसले असता त्याच्या मनगटाच्या नाडीवर बोट ठेवून तो जाणवूही शकतो. उच्छ्वास दीर्घ झाला की हृदयावरील लगाम अधिक वेळ ओढला जातो आणि खळबळ ओसरू लागते. बाटली मुलाला श्वास शिकवीत नाही. परंतु शेजारी बसलेले मोठे माणूस वाळूबरोबर आपला श्वास सावकाश सोडू लागले, तर मूल न सांगता त्याचे अनुकरण करते.

येथे ‘शेजारी बसलेले मोठे माणूस’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत, कारण या लेखाचा सर्व भार त्यांच्यावर आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की (१८९६-१९३४) यांचे प्रतिपादन असे होते की, मुलाची प्रत्येक उच्च मानसिक शक्ती प्रथम दोन माणसांमधील व्यवहारात प्रकट होते आणि नंतरच ती मुलाच्या अंतरंगात उतरते. शांत होण्याची शक्तीही याला अपवाद नाही. मूल प्रथम दुसऱ्याच्या शांततेच्या आश्रयाने शांत होते, असे शेकडो वेळा घडल्यावर ते स्वतःच्या बळावर शांत होऊ लागते. म्हणून बाटली हातात देऊन मुलाला कोपऱ्यात बसविणे, किंवा ‘जा, तुझी बाटली घेऊन बस आणि गप्प झाल्याशिवाय येऊ नकोस’ असा हुकूम सोडणे, म्हणजे साधनाचे शिक्षेत रूपांतर करणे होय. तसे एकदा झाले की मूल पुढे त्या बाटलीचा तिरस्कार करू लागते, आणि तो तिरस्कार सर्वस्वी न्याय्य असतो.

साधनाविषयी विचार करताना आपल्याच जिल्ह्यातील एका थोर परंपरेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. मारिया माँटेसरी यांनी रोममधील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले, आणि तेथे मुलांना पाणी ओतणे, धान्य निवडणे, बटणे लावणे अशी हातांची शांत कामे दिली. त्याचबरोबर त्यांनी शांततेचा एक खेळ प्रचारात आणला, ज्यात सर्व मुले निश्चल बसून बारीकसारीक ध्वनी ऐकतात आणि हळू आवाजात आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहतात. हे विचार पश्चिम भारतात रुजविण्याचे कार्य गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी केले. १९२६ साली त्यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि काही वर्षांनी हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वसई आणि डहाणू हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. विरारहून लोहमार्गाने उत्तरेकडे गेले की ती भूमी लागते.

ताराबाई आणि अनुताई या दोघींपुढील अडचण अशी की, माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग होती आणि आदिवासी पाड्यांवरील मुलांना ती परकीही वाटणारी होती. त्यांनी तजवीज केली ती परिसरातूनच. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, माती, यांतून मोजणीची, रंगओळखीची, स्पर्शज्ञानाची साधने त्यांनी सिद्ध केली. मुले बालवाडीत येत ना, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले; जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरविली. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना जारी केली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर घरोघरी पोहोचले. शासनाने ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री देऊन गौरविले. आपली बाटली बोर्डीत किंवा कोसबाडला जन्मली असे मी म्हणत नाही. परंतु ज्या तत्त्वावर ती उभी आहे, म्हणजे साधन परिसरातून घ्यावे, ते मुलाच्या हाताला पेलावे, आणि ते करण्यातच अर्धे शिक्षण व्हावे, त्या तत्त्वाचा उत्तम दाखला आपल्याला तेथेच मिळतो.

याच तत्त्वाने पाहिले तर बाटलीला एक जोडीदार वसईच्या वाडीतच तयार आहे, आणि तो म्हणजे माडाच्या पातीचे भिरभिरे. झावळीच्या हिरव्या पाती घेऊन त्यांचा हीर काढून बाजूला ठेवावा, एकसारख्या रुंदीच्या चार पट्ट्या कराव्यात, प्रत्येक पट्टी मधोमध दुमडावी, आणि एकीच्या घडीत दुसरीची टोके घालीत चारही पट्ट्या एकमेकींत गुंतवून टोके हळूहळू ओढावीत; मध्ये घट्ट चौकोनी गाठ बसते आणि चार दिशांना चार पाकळ्या निघतात. या चौकोनातून हीर सैलसर ओवून त्याच्या पुढच्या टोकाला पातीचीच लहान गाठ मारली की भिरभिरे तयार झाले. आजोबांच्या पिढीने ते घेऊन वाडीतून धाव घेतली. क्षुब्ध मुलाच्या हाती मात्र ते धावण्यासाठी न देता फुंकण्यासाठी द्यावे. जोराची आखूड फुंकर मारली तर ते झटका घेऊन थांबते, आणि ओठ गोल करून लांब, सावकाश फुंकर घातली तर ते फिरत राहते. दीर्घ उच्छ्वास सोड, असे सांगून जे मुलाला जमत नाही, ते भिरभिरे फिरविण्याच्या छंदात सहज जमून जाते. हिराचे टोक डोळ्याला इजा करील, म्हणून ते दुमडून किंवा चिंधी गुंडाळून बोथट करावे, एवढी खबरदारी पुरे.

वापराचा शिरस्ता असा ठेवावा. बाटली असो वा भिरभिरे, त्याची पहिली ओळख क्षोभाच्या वेळी करून देऊ नये. मूल आनंदात असता ते करावे, खेळावे, बाटली हलवून ‘आता वाळू कशी चिडली आहे, आता ती कशी दमली, आता ती कशी निजली’ असे बोलावे. प्रत्यक्ष क्षोभ आला म्हणजे प्रथम मुलाला आणि इतरांना इजा होणार नाही असा बंदोबस्त करावा, भूक, झोप, ताप यांपैकी काही कारण आहे का ते पाहावे, मग त्याच्या उंचीला येऊन थोडक्यात आणि हळू आवाजात बोलावे : ‘‘सोन्या, तुला फार राग आलाय. मी इथेच आहे. वाळू बघायची का?’’ राग, भीती, रुसवा, कंटाळा यांपैकी जे असेल त्याचे नाव घेतल्याने मुलाला आपल्या आतील गोंधळाची ओळख पटते आणि त्याची तीव्रता ओसरण्यास मदत होते. मुलाने बाटली नाकारली तर आग्रह धरू नये. ती मुलाला दिसेल अशी ठेवून आपणच तिच्याकडे पाहत बसावे. काही मुलांना पाहण्यापेक्षा कुशीत घट्ट धरलेले आवडते, काहींना स्पर्शही नको असतो, आणि ज्याची त्याची प्रकृती ओळखून चालण्यातच शहाणपण आहे. वाळू बसल्यावर लगेच उलटतपासणी घेऊ नये. पाणी प्यावयास द्यावे, आणि जे घडले त्याविषयी दोन वाक्ये रात्री निजताना बोलावीत. राग येण्याला मुभा आहे, पण मारण्याला आणि फेकण्याला नाही, ही मर्यादा मात्र शांतपणे आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगावी; शांत करणे म्हणजे मागेल ते देणे नव्हे.

पावसाळ्यात या साधनाचा आणखी एक उपयोग आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले आणि नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या, तशा रात्री वीज गेलेली असते, आई वाटेत अडकलेली असते आणि मूल भेदरलेले असते. अशा वेळी बाटलीमागे बॅटरी धरली की वाळूचे कण उजळून निघतात आणि अंधाऱ्या खोलीत मुलाच्या दृष्टीला एक विसावा मिळतो.

मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. हे औषध नव्हे. तीन वर्षांखालील मूल एकटे असता त्याच्या हाती बाटली देऊ नये, आणि झाकण सैल झाले आहे का ते दर आठवड्याला पाहावे. बारीक मणी, टिकल्या घशात अडकण्याचा धोका असल्याने त्या घालूच नयेत. मूल वारंवार स्वतःला इजा करीत असेल, पाच वर्षांपुढेही क्षोभ दिवसातून अनेकदा आणि दीर्घकाळ टिकत असेल, बोलणे किंवा नजरेला नजर देणे मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि त्यात कमीपणा मानू नये.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. बाटली करण्यासाठी रविवारची सकाळ निवडावी, आणि त्या कामाला आई-वडिलांबरोबर ती सर्व माणसे बसवावीत, ज्यांच्या ताब्यात मूल आठवडाभर असते : आजी, आजोबा, शेजारची मावशी, शक्य तर पाळणाघरातील ताई. वाळू कोणी धुवावी, कोणी चाळावी, नरसाळे कोणी धरावे, हे मुलाने ठरवावे. राग आला असता कोणते शब्द वापरावयाचे, हेही त्याच बैठकीत मोठ्यांनी आपसांत ठरवून घ्यावे. कारण सोमवारी सकाळी एका माणसाने जवळ घ्यावे, दुपारी दुसऱ्याने धाक दाखवावा आणि संध्याकाळी तिसऱ्याने मोबाईल हाती द्यावा, असा कारभार असेल तर जगातील कोणतेही साधन निष्फळ ठरेल. उलट सर्वांचा शब्द एक असेल आणि त्या दोन-तीन मिनिटांपुरते प्रत्येक जण मुलाशेजारी जमिनीवर बसावयास तयार असेल, तर चमचाभर वाळू आणि थोडे ग्लिसरीन यांच्याकडून जेवढ्या कार्याची अपेक्षा करणे न्याय्य आहे, तेवढे ते निश्चित पार पाडतील.